न सापडणाऱ्यांची वही

हॅर्नोसांदच्या दफ्तरखान्यात,
बाहेर बंदरावर बर्फाची साय धरलेली,
मी तिसऱ्या मंगळवारी पुन्हा तीच वही मागवते.
इंगेगेर्ड ती दोन्ही हातांनी आणते,
झोपलेलं पोर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर द्यावं तशी.

पहिल्या दिवशी मला रडूच आलं होतं.
पानभर नावं, आणि जवळपास प्रत्येकावर आडवी काट.
एवढी माणसं मेली?
"सगळी मेली नाहीत," चष्मा पुसत ती म्हणाली,
"गेलीत. पाद्री नाव पुसत नसे, नुसती रेघ ओढायचा
आणि समासात लिहायचा, कुठल्या गावाला ते.
रेघेचा हात धरा नि चालू लागा."

चालू लागले.
मेर्ता ओलोफ्सदॉटर, मोलकरीण.
ओलोफची म्हणून ओलोफ्सदॉटर,
आडनाव म्हणावं असं काही नाही.
देवी काढलेल्या.
वाचन: अडखळत.
धर्मप्रश्नोत्तरं: बरी.
वागणुकीच्या रकान्यात शाईचा डाग,
पाद्र्याला शिंक आली की काही आठवलं, कळायला मार्ग नाही.
ऑक्टोबर सरताना गडीमाणसांनी घर बदलायचं,
म्हणून दर ऑक्टोबरला ती एका वहीत खोडली जाते
आणि चार कोसांवरच्या दुसऱ्या वहीत उगवते:
मालक, मालकीण, त्यांची पोरं, सगळ्यात खाली ती.
विंचवाचं बिऱ्हाड.
आठ वह्या झाल्या. पाद्र्यांची अक्षरं मला आता
शेजाऱ्यांच्या खोकल्यासारखी ओळखू येतात.

नवव्या वहीत तिच्याखाली एक ओळ वाढते.
हिल्मा. मुलगी. बापाचा रकाना कोरा.
हिल्मा म्हणजे माझी आजी,
जी सांगायची: मी चार वर्षांची असताना आई खोकल्यानं गेली,
नोर्राविकच्या चर्चमागे, बर्चखाली पुरली.
तिथे आम्ही तीन पिढ्या मेणबत्त्या लावतोय,
दर नोव्हेंबरात, सर्व संतांच्या शनिवारी,
दगडावरचा बर्फ हातमोज्यानं सारून.

मृत्यूंच्या वहीत मेर्ता ओलोफ्सदॉटर आहे.
वय एक्काहत्तर. विधवा.
दुसरीच कुणी.

मग इंगेगेर्डनं एक बारकी वही आणली,
वाण्याच्या उधारीच्या वहीएवढी.
ज्यांचा थांगपत्ता नाही
त्यांनी मूळ वहीत उगाच जागा अडवू नये
म्हणून ही वेगळी, न सापडणाऱ्यांची.
तिथे ती सापडली.
अनुक्रमांक सतरा. कुठे गेली: माहीत नाही.
कधी: पहिल्या हिमाच्या सुमारास.
ह्या एका ठिकाणी तिच्या नावावर रेघ नाही.
आणि हिल्मा जुन्याच वहीत, मालकिणीच्या घरी,
सगळ्यात खाली.

संध्याकाळी आईला फोन केला.
आई शहाऐंशीची. ऐकू कमी येतं, गप्प बसणं चांगलं येतं.
मला वाटलं, मेणबत्त्यांचा हिशोब करत असेल.
मग म्हणाली, "बूट होते का तिच्याकडे?"

बूट.
त्या घरचा मालक वारला तेव्हा
त्याच्या चीजवस्तूंची यादी झाली होती,
ती मी गेल्याच मंगळवारी पाहिली.
दोन गायी, एक आंधळी घोडी,
करवत, होडीचा निम्मा हिस्सा,
आणि देण्यांमध्ये, अगदी शेवटी:
मोलकरीण मेर्ता हिला सालाचे बूट, एक जोड.
बाकी.

"होते," मी म्हणाले. "नवे."
"लिहिलंय का तसं?"
आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत नोटा मोजलेली बाई,
पावती मागणारच.
"लिहिलंय, आई."

ह्या नोव्हेंबरात मेणबत्ती
त्या एक्काहत्तर वर्षांच्या विधवेलाच लावली.
एवढ्या वर्षांची ओळख, अशी तोडवत नाही.
दुसरी खिशातच राहिली.
फाटकापर्यंत आले, रस्त्यापर्यंत आले.
कुठे ठेवायची, ठरेना.